किनाऱ्याची मोजणी आणि हरवलेला पावसाळा

कोल्हापुरात समुद्रावर व्याख्यान कशाला, असा प्रश्न तुमच्यातल्या काही जणांना पडला असेल. आपल्या पंचगंगेचं पाणी कृष्णेला मिळतं आणि पार तिकडे बंगालच्या उपसागराला जातं. अरबी समुद्राशी आपला संबंध म्हणजे ताटातला बांगडा-सुरमई, नाहीतर गगनबावड्याचा घाट उतरून मालवणची सहल. तेव्हा आधी या प्रश्नाचं उत्तर देतो आणि मग विषयाला हात घालतो.

महापूर आला की आपल्याकडे अलमट्टीची चर्चा सुरू होते. पाणी ५१९.६० मीटरवर ठेवायचं की ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवू द्यायचं? हे आकडे पानपट्टीवर उभा असलेला माणूसही तोंडपाठ सांगतो. पण हे मीटर मोजले कुठून? धरणाच्या पायापासून नाही, नदीच्या तळापासूनही नाही. ते समुद्रसपाटीपासून मोजलेले आहेत. रेल्वे स्टेशनच्या पिवळ्या पाटीवरची उंची तशीच, पूररेषाही तशीच. आणि समुद्रसपाटी ही काही निसर्गानं आखून दिलेली रेघ नव्हे. समुद्र दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो. त्याची सरासरी कुणीतरी वर्षानुवर्षं बसून काढावी लागते. भारतात ती काढली नऊ बंदरांवर: कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि फॉल्स पॉइंट. तिथल्या नोंदींच्या आधारावर १९०९ साली देशभरच्या उंचीचं गणित पक्कं केलं गेलं. म्हणजे आपल्या पुराचा वाद आजही मुंबई-कारवारच्या समुद्राच्या हिशेबात मांडला जातो.

तर आजचा विषय असा: आपला किनारा कुणी मोजला, कशासाठी मोजला, आणि त्या मोजणीत काय राहून गेलं. आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी घाई नको. गेल्या सव्वादोनशे-अडीचशे वर्षांत या किनाऱ्याच्या नोंदी भरपूर झाल्या, पण त्या बहुतेक आठ महिन्यांच्या नोंदी आहेत. जून ते सप्टेंबर ही पानं जवळजवळ कोरी. आणि आपल्या समुद्रात जे सगळ्यात महत्त्वाचं घडतं ते नेमकं त्या चार महिन्यांत आणि त्यांच्या अखेरीला घडतं.

कोल्हापूरकरांना यातली गंमत लगेच कळेल. आपण नदी मोजतो ती पावसाळ्यात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. जुलै महिन्यात सकाळी चहाच्या आधी लोक विचारतात, ‘पाणी किती फुटावर?’ उन्हाळ्यात हा प्रश्न कुणी विचारत नाही. समुद्राचं बरोबर उलटं झालं. त्याला उन्हाळ्यात मोजलं आणि पावसाळ्यात सोडून दिलं.

आता इतिहासात जाऊ. एके काळी कोल्हापूरला स्वतःचा किनारा होता, हे आपण विसरून गेलो आहोत. मालवणच्या कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचं काम सुरू केलं ते २५ नोव्हेंबर १६६४ ला. महिना लक्षात ठेवा. पाऊस सरलेला, समुद्र निवळलेला. पुढे राज्याच्या दोन गाद्या झाल्या आणि मालवण-सिंधुदुर्ग कोल्हापूरकर छत्रपतींकडे राहिलं. १७६५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असं नावही दिलं, पण पुढच्याच वर्षी तह करून किल्ला करवीरला परत करावा लागला. शेवटी १८१२ साली एल्फिन्स्टनच्या काळात झालेल्या तहात मालवण बंदर, सिंधुदुर्ग, पद्मगड, राजकोट आणि सर्जेकोट एवढं सगळं कंपनीकडे गेलं. कोल्हापूरचा समुद्र सुटला तो तेव्हा.

त्या काळात समुद्राची मोजणी नव्हती का? होती. पण ती कागदावर नव्हती, माणसांच्या डोक्यात होती. सिंधुदुर्गाभोवती पाण्याखाली खडकांची रांग आहे. तिच्यातून वाट काढायची तर स्थानिक तांडेलच हवा. खोली मोजायची ती वावात. दोन्ही हात पसरले की एक वाव. भरतीची वेळ काढायची तर तिथीची पाऊणपट करायची. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. पुनव-अवसेला उधाण, अष्टमीला भांग. पंचांग आणि समुद्र यांची सांगड घालणारं हे कोष्टक कोकणातल्या म्हाताऱ्या माणसांना आजही येतं. आणि पावसाळा आला की होड्या वर ओढायच्या, झावळ्यांनी शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेला नारळ देऊन मगच समुद्रात उतरायचं. समुद्र ‘बंद’ असतो ही कल्पना इथलीच आहे, इंग्रजांनी आणलेली नाही. फरक असा की मच्छीमार समुद्रात जात नसला तरी किनाऱ्यावर उभा असतो. लाटेचा रंग, खाडीचं तोंड, वाहून आलेला गाळ हे सगळं तो बघत असतो. त्याची नोंद थांबत नाही. ती लिहिली जात नाही एवढंच.

कागदावरची मोजणी सुरू केली ती ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारानं, म्हणजे बॉम्बे मरीननं. १७८७ पासून पुढची काही वर्षं लेफ्टनंट जॉन मॅक्लूअर यानं पश्चिम किनाऱ्याची पाहणी केली. कंपनीचा जलमार्गतज्ज्ञ जेम्स हॉर्सबर्ग यानं १८०९ पासून छापलेली नौकानयनाची मार्गदर्शक पुस्तकं पुढे कित्येक दशकं जहाजांवर वापरात होती. बॉम्बे मरीनचं १८३० मध्ये ‘इंडियन नेव्ही’ असं नामांतर झालं. तिच्यातल्या आल्फ्रेड डंडास टेलर या अधिकाऱ्यानं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोकण-मलबारचा किनारा बारकाईनं मोजला. पुढे १८७४ मध्ये कलकत्त्याला सागरी सर्वेक्षणाचं स्वतंत्र खातं निघालं, तेव्हा त्याचा प्रमुख हाच टेलर होता.

या लोकांनी काय मोजलं? शिशाचं वजन दोरीला बांधून खोली. तळाशी चिखल आहे की वाळू की खडक, कारण नांगर कुठे धरेल हे त्यावर ठरतं. देवळाचं शिखर, किल्ल्याचा बुरूज, डोंगराचं टोक, म्हणजे जहाजावरून दिसणाऱ्या खुणा. विजयदुर्गाच्या पश्चिमेला शंभराहून अधिक किलोमीटर आत समुद्रात बुडालेलं एक पठार आहे, त्याला नकाशावर ‘आंग्रिया बँक’ म्हणतात. ज्या आंग्र्यांशी ते लढले त्यांचंच नाव तिथे राहिलं. काम मेहनतीचं होतं आणि अचूक होतं, यात वाद नाही. पण प्रश्न एकच विचारलेला होता: जहाज इथून सुखरूप जाईल का? आणि प्रश्न जहाजाचा असला की मोसमही जहाजाचाच. ऑक्टोबरपासून मेपर्यंत मोजणी, पावसाळ्यात बोट बंदरात आणि माणसं नकाशे आखायला टेबलावर. हा शिरस्ता पुढे इतका पक्का झाला की त्याच्यात काही राहून जातंय असं कुणाला वाटेनासं झालं.

याला एक मोठा अपवाद आहे, आणि तो सांगायला आम्हाला फार आवडतं. १८७० च्या दशकात सर्व्हे ऑफ इंडियाला एक शंका आली. कच्छच्या आखाताच्या किनाऱ्याची जमीन खचते आहे का? ती तपासायची तर समुद्राची पातळी नेमकी माहीत हवी. कॅप्टन बेअर्ड या अधिकाऱ्याकडे काम आलं. १८७३ पासून त्यानं तिथे भरतीमापक बसवायला घेतले. यंत्र साधंच. समुद्राशी नळीनं जोडलेली एक विहीर, म्हणजे लाटांचा हेलकावा आत येत नाही, पाणी संथपणे चढतं-उतरतं. त्यात एक तरंगता गोळा. गोळ्याला तार, तारेला पेन्सिल, आणि पेन्सिलीखाली घड्याळाच्या यंत्रावर फिरणारा कागदाचा दंडगोल. पाणी चढलं की रेघ चढते, उतरलं की उतरते. पुढे ही यंत्रं देशभरच्या बंदरांवर बसली. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून नोंद मिळते.

या यंत्राचा मोठेपणा कशात आहे? ते पावसाळ्यात घरी जात नाही. जुलैचं उधाण असो, रात्र असो, गणपती असो, दंडगोल फिरत राहतो. कुणीतरी कारकून येऊन कागद बदलतो, घड्याळाला चावी देतो, तारीख घालतो. त्या कारकुनांची नावं इतिहासात नाहीत. पण त्यांच्या कामाचं एक फळ बघा. पश्चिम किनाऱ्यावर, विशेषतः गोवा-कारवारकडे, समुद्राची महिन्याची सरासरी पातळी पावसाळ्यात खाली जाते आणि हिवाळ्यात वर येते. आपल्याला वाटेल की एवढा पाऊस पडतो, नद्या भरून वाहतात, म्हणजे समुद्र वर यायला हवा. प्रत्यक्षात वारा आणि प्रवाह यांच्यामुळे उलट होतं. आता विचार करा, हे यंत्रही जर आठच महिने चालवलं असतं तर? सरासरी चुकली असती. आणि ज्या शून्यापासून आपण अलमट्टी मोजतो तो शून्यच सरकला असता.

मुंबईची ही नोंद हिंदी महासागरातल्या सगळ्यात जुन्या, लांब नोंदींपैकी एक आहे. सुरू केली तेव्हा हवामानबदल हा शब्दही कुणाला माहीत नव्हता. पण सव्वाशे वर्षांनी, २००७ मध्ये, गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या उन्नीकृष्णन आणि शंकर या शास्त्रज्ञांनी मुंबईसह उत्तर हिंदी महासागरातल्या अशा जुन्या नोंदी तपासल्या आणि पातळी सरासरीनं वर्षाला सुमारे १.३ मिलिमीटर चढत आली आहे असं दाखवलं. एका प्रश्नासाठी जपलेली नोंद दुसऱ्याच प्रश्नाला उपयोगी पडली. आम्ही अभ्यासक म्हणून कोणतीही जुनी वही टाकू देत नाही, त्याचं कारण हे.

जीवसृष्टीच्या नोंदीकडे वळू. फ्रान्सिस डे या डॉक्टरनं १८७३ मध्ये हिंदुस्थान-ब्रह्मदेशच्या समुद्री मासेमारीवर अहवाल दिला आणि पुढे भारतातल्या माशांवर मोठा ग्रंथ लिहिला. १८८० मध्ये कॅम्बेलच्या संपादनाखाली रत्नागिरी-सावंतवाडीचं गॅझेटियर निघालं. १८८१ मध्ये ‘इन्व्हेस्टिगेटर’ ही सर्वेक्षणाची आगबोट आली आणि तिच्यावर एक डॉक्टर-निसर्गतज्ज्ञ नेमायची पद्धत पडली. त्यातला आल्कॉक हा १८८८ ते १८९२ या काळात बोटीवर होता. खोल पाण्यातले कितीतरी जीव त्यानं पहिल्यांदा उजेडात आणले. त्यानंतर १९३३-३४ ची जॉन मरे मोहीम. ‘मबाहिस’ नावाचं इजिप्तचं जहाज, नेता सेमूर सेवेल. अरबी समुद्रात मधल्या खोलीवर प्राणवायू अतिशय कमी असलेला पाण्याचा थर किती दूरवर पसरला आहे, ते या मोहिमेच्या मोजणीतून पुढे आलं. मोठं काम. पण तारखा बघा: सप्टेंबर १९३३ ला निघाले, मे १९३४ ला परतले. पुन्हा तेच आठ-नऊ महिने.

मग या चार महिन्यांत नक्की होतं काय? तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट गाळाची. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, हे तुम्हाला माहीत आहे. घाटाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब इकडे आला तर कुंभी-पंचगंगेतून शेकडो मैल जातो. तिकडे ओघळला तर वाघोटन नदीतून विजयदुर्गच्या खाडीत पोचतो. अंतर थोडं, उतार प्रचंड. त्यामुळे कोकणातल्या नद्या आपला सगळा गाळ या चार महिन्यांत टाकतात. राजापूर हे एके काळचं मोठं बंदर. इंग्रजांची वखार तिथे सतराव्या शतकात होती. आज राजापूरला गलबत येईल का? खाडी भरत गेली आणि बंदर मेलं. ही भरण प्रत्येक पावसाळ्यात थोडीथोडी झाली. मोजणीदार आले ते दर वेळी पाऊस संपल्यावर. त्यांना परिणाम दिसला, क्रिया दिसली नाही.

दुसरी गोष्ट माणसांच्या जिवाची. १७ जुलै १९४७. मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्याच्या गडबडीत ही आठवण झाकोळली, पण कोकणात ती अजून जिवंत आहे. लाटा किती उंच, वारा किती, अंतर किती वेळाचं, हे किनाऱ्याजवळ सतत मोजून सांगणारी व्यवस्था तेव्हा नव्हती. समुद्रात बोये सोडून माहिती गोळा करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, म्हणजे पन्नास वर्षांनी.

तिसरी गोष्ट डोळ्यांना न दिसणारी. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि खालचं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याच्या उथळ भागावर चढतं. वरून पावसाच्या आणि नद्यांच्या गोड्या पाण्याचं झाकण बसतं. गोडं पाणी हलकं, ते वर तरंगतं. त्यामुळे वरचा प्राणवायू खाली मिसळत नाही. दरम्यान तळाशी कुजण्याची क्रिया चालूच असते. भादवा-आश्विनाच्या सुमाराला तळाच्या पाण्यातला प्राणवायू जवळजवळ संपतो. मासळीला दोनच वाटा: पळायचं किंवा मरायचं.

हे आपल्याला कळलं कसं? १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम झाली. वर्षातून दोनदा वारे उलटतात अशा समुद्रात काय होतं, हे समजून घेणं हा तिचा एक हेतूच होता. त्यामुळे काही जहाजं मुद्दाम पावसाळ्यात बाहेर पडली. भारताकडून आरमाराची ‘कृष्णा’ ही नौका सामील होती. मोहीम संपल्यावर १ जानेवारी १९६६ ला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली, जिचं मुख्यालय आज गोव्यात दोना पावलाला आहे. १९७६ मध्ये संस्थेला ‘गवेषणी’ हे जहाज मिळालं, १९८३ मध्ये ‘सागरकन्या’ आली. पण आमच्या मते सगळ्यात मोलाचं काम एका लहान गोष्टीनं झालं. गोव्याच्या कांदोळी गावासमोर, किनाऱ्यापासून साधारण दहा किलोमीटरवर, पंचवीस-सव्वीस मीटर खोलीवर एक जागा ठरवली. १९९७ पासून तिथे वर्षानुवर्षं नियमानं जाऊन पाण्याचे नमुने घ्यायला सुरुवात केली. जागा तीच, खोली तीच, मोजायच्या गोष्टी त्याच. जुलैच्या उधाणात तिथेही नाव काढता येत नाही असे दिवस येतात, पण पाऊस ओसरू लागला की माणसं लगेच हजर. या आणि किनाऱ्यावरच्या इतर मोजण्यांतून सय्यद वाजिह नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रात दर वर्षी पावसाळ्याच्या अखेरीला प्राणवायू विलक्षण खाली जातो. जो प्रकार शतकानुशतकं आपल्या दारात होत होता, तो विज्ञानाच्या वहीत नीट चढला तो असा उशिरा.

आता तुम्ही म्हणाल, ठीक आहे, शास्त्रज्ञांची वही अपुरी होती, आता भरते आहे, त्यात आपलं काय अडलं? अडलं ते असं, की गेल्या चाळीस वर्षांत ही वही निर्णयाची वही झाली. पूर्वी मोजणीवर जहाज चालायचं. आता मोजणीवर गाव चालतं.

मालवणचंच उदाहरण घ्या. १९८१ मध्ये समुद्रविज्ञान संस्थेच्या ए. एच. पारुळेकर यांनी मालवणच्या सागरी जीवांची यादी प्रसिद्ध केली. इथे प्रवाळ आहेत, शेवाळ आहेत, केवढी विविधता आहे, हे कळलं. पुढे १३ एप्रिल १९८७ ला मालवण सागरी अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर, गाभा ३.१८२ चौरस किलोमीटर. आकडा दशांशाच्या तीन घरांपर्यंत! पण त्या पाण्यात पिढ्यान्पिढ्या रापण ओढणारी गाबित माणसं किती, कोणत्या महिन्यात कुठे जाळं लावतात, पावसाळ्यात खाडीत काय पकडून घर चालवतात, याची तितकीच बारीक नोंद त्या हद्दीसोबत नव्हती. मग विरोध झाला आणि तो कित्येक वर्षं टिकला. प्रवाळ वाचवायला नको होते असं आमचं म्हणणं नाही. वाचवायलाच हवेत. पण ज्या नोंदीत माणूस नाही तिच्यावर हद्द आखली की माणूस त्या हद्दीचा शत्रू होतो, हे मालवणनं दाखवलं.

मासळीची आकडेवारी बघा. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ पासून आहे. तिची माणसं बंदराबंदरावर जाऊन ठरावीक दिवशी ठरावीक बोटींची मासळी मोजतात आणि त्यावरून एकूण अंदाज काढतात. पद्धत शास्त्रशुद्ध आहे. पण मोजलं जातं ते जेटीवर उतरलेलं. समुद्रात किती आहे ते वेगळं. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिकी मासेमारीला बंदी असते, आणि ती योग्यच आहे, कारण कितीतरी माशांचा विणीचा काळ तो. म्हणजे मासा जन्माला येतो तेव्हा वही बंद आणि मरतो तेव्हा उघडी. आता याच आकड्यांवर पर्ससीनवाले आणि रापणकर यांच्यात भांडण होतं. राज्य सरकारनं ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानं पर्ससीनवर बंधनं घातली, मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्यापुरती ठेवली. पण सप्टेंबर-ऑक्टोबर म्हणजे वर सांगितलेला तोच काळ. तळाचा प्राणवायू संपल्यामुळे मासळी वर आणि काठाकडे सरकली तर जाळ्यात एकदम जास्त येईल. आकडा फुगेल, आणि वाटेल की समुद्रात मुबलक मासा आहे. आकडा खरा आणि त्याचा अर्थ खोटा, असं होऊ शकतं.

आणि सगळ्यात मोठं प्रकरण प्रकल्पांच्या अहवालांचं. २७ जानेवारी १९९४ च्या अधिसूचनेनं मोठ्या प्रकल्पांना पर्यावरणीय परिणामांचा अहवाल सक्तीचा झाला, २००६ मध्ये नवी अधिसूचना आली. चांगलीच गोष्ट झाली. पण ‘जलद’ अहवालासाठी पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती पुरेशी मानायची पद्धत पडली. जमिनीवर, विशेषतः हवेसाठी, यात अर्थ आहे. पावसात धूळ बसते, हवा स्वच्छ दिसते, म्हणून पावसाळा वगळा. समुद्राला तोच नियम लावला की गणित उलटं होतं. समुद्राची परीक्षा पावसाळ्यात असते आणि तुम्ही निकाल लावता फेब्रुवारीवर! दाभोळ, जयगड, जैतापूर या भागात औष्णिक, अणू, बंदर असे प्रकल्प आले किंवा येऊ घातले. त्यांतून समुद्रात गरम पाणी सोडायचं म्हटलं, तर प्रश्न मार्चमधल्या भरपूर प्राणवायूच्या पाण्याचा नसतो. आधीच दम लागलेल्या सप्टेंबरमधल्या पाण्याला ती उष्णता सोसेल का, हा प्रश्न असतो. त्याचं उत्तर मार्चमध्ये भरलेल्या बाटलीत सापडत नाही.

किनारा नियमन क्षेत्राचीही तीच गत. १९९१ च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून ५०० मीटर अशी मोजणी आली. २०१९ मध्ये दाट वस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा ५० मीटरवर आणला. ५०० काय आणि ५० काय, मोजायचं ते भरतीरेषेपासून. आणि वाळूचा किनारा पावसाळ्यात खरवडला जातो, ऑक्टोबरनंतर वाळू परत येते. मे महिन्यातला रुंद, देखणा किनारा बघून ज्यानं हॉटेलचं कुंपण घातलं, त्याला ऑगस्टमध्ये लाट विचारायला येतेच.

आम्हाला कुणाला दोषी ठरवायचं नाही. मॅक्लूअर असो की सेवेल, होडीत बसून जुलैत खोली मोजा असं सांगणं म्हणजे माणूस मारणं. त्यांनी जे केलं ते थोरच. पण अडचणीतून पडलेली सवय पुढे नियम म्हणून छापली गेली, आणि यंत्रं आल्यावरही नियम तसाच राहिला, हा इतिहास आहे. आज रत्नागिरी, कारवारजवळ लाटा मोजणारे बोये टाकता येतात. उपग्रह ढगांमुळे अडतो, पण तळाशी ठेवलेलं प्राणवायूमापक यंत्र अडत नाही. सोय नाही हे कारण आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही.

मग करायचं काय? दोन गोष्टी सुचवतो. एक, कोकणातल्या महाविद्यालयांनी आणि मच्छीमार सोसायट्यांनी मिळून खाडीच्या मुखाशी बारमाही नोंदी ठेवाव्यात. जेट्टीला रंगवलेली मोजपट्टी, थर्मामीटर, पाण्याचा खारटपणा मोजायचं साधं उपकरण आणि एक वही. पावसाळ्यात समुद्रात जावं लागत नाही, जेट्टीवर उभं राहिलं तरी पुरे. मोजपट्टी आणि वही यांच्यावर काय चालतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. राजाराम बंधाऱ्यावरच्या फुटांवर आपण अख्खा जिल्हा हलवतो. तिथल्या म्हाताऱ्या तांडेलांना, मासळी विकणाऱ्या बायकांना विचारून जुन्या पावसाळ्यांच्या आठवणीही तारीखवार लिहून घ्याव्यात, कारण हा खजिना आणखी दहा-पंधरा वर्षांत संपेल.

दुसरी गोष्ट तुम्हा-आम्हा नागरिकांसाठी. कोणत्याही प्रकल्पाची जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं आणि त्याआधी किमान तीस दिवस अहवाल लोकांसाठी ठेवावा लागतो. तुमचे पाहुणे, भाऊबंद, जावई कोकणात आहेत. अहवाल जाडजूड असतो, सगळा कुणी वाचत नाही. सगळा वाचू नका. पाण्याचे नमुने घेतल्याच्या तारखांचं पान शोधा. तिथे जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर आहे का बघा. नसेल तर उभं राहून एकच प्रश्न विचारा, ‘साहेब, पावसाळा कुठाय?’ आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

आमचं आजचं बोलणं इथेच थांबवतो. प्रश्न असतील तर विचारा, वेळ आहे.